अंधाराची लांबी

भाची तेव्हा अकरावीत होती. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे आली होती. रात्री जेवणं आटोपल्यावर तिने लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला. "मामा, हे वाच. दहा मिनिटं लागतील फार तर." मी चष्मा शोधेपर्यंत तिने खोलीतला दिवा घालवला आणि माझ्या शेजारी न बसता समोरच्या खुर्चीत जाऊन बसली. पडद्यावर काय आहे ते तिला पाठ होतं. तिला माझं तोंड बघायचं होतं.

एमिली कॅरल या कॅनडातल्या चित्रकर्तीची 'हिज फेस ऑल रेड' ही भयचित्रकथा मी अशी वाचली. कॅरलने ती 31 ऑक्टोबर 2010 ला, हॅलोवीनच्या मुहूर्तावर, स्वतःच्या वेबसाइटवर फुकट वाचायला ठेवली होती. चित्रकथा काढायला तिने सुरुवात केली ती त्याच वर्षी. पाठीशी प्रकाशक नव्हता, डोक्यावर संपादक नव्हता. या अंकातला स्वतंत्र कलावंतांच्या भयचित्रकथांचा विभाग कुठून सुरू करायचा यावर आमच्यात बरीच हमरीतुमरी झाली. कुणाला जपान हवा होता, कुणाला कोरिया. मी मात्र या एका कथेला चिकटून बसलो. का, ते सांगायलाच ही प्रस्तावना लिहितो आहे.

कथा म्हटली तर जुनीच. एक गाव, गावाला लागून जंगल, आणि जंगलातलं कसलंसं जनावर गावातली मेंढरं मारतंय. दोन भाऊ त्याच्या मागावर जातात. एक सगळ्या गावाचा लाडका. दुसरा, म्हणजे कथा सांगणारा, कुणाचाच नाही. जनावर मरतं. आणि त्यानंतर, जंगलात पाहणारं कुणी नसताना, हा दुसरा आपल्या भावाला मारतो, प्रेत एका खोल खड्ड्यात टाकतो आणि गावात येऊन सगळं जनावराच्या नावावर खपवतो. पुढे काही दिवसांनी मेलेला भाऊ जंगलातून चालत परत येतो. हसतो, बोलतो, चार लोकांत बसतो. हा माझा भाऊ नव्हे, हे फक्त निवेदकाला ठाऊक आहे. पण सांगणार कुणाला आणि कसं? भुताला भूत म्हणायचं तर खून कबूल करावा लागतो. भुताखेतांच्या गोष्टींत माणसं सहसा पळतात, किंचाळतात, मांत्रिकाला बोलावतात. इथे बिचाऱ्याला त्याच्याच शेजारी बसून सगळं मुकाट पाहावं लागतं.

आपल्याकडे रात्री ओळखीच्या आवाजात नाव घेऊन बोलावणारी हाकामारी आहे, वाट चुकवून माणसाला गोल गोल फिरवणारा चकवा आहे. ओळखीचं रूप घेऊन अनोळखी काहीतरी दाराशी येतं, ही भीती आपल्याला कुणी शिकवायला नको. कॅरलचं मूळही लोककथेतच आहे. तिची 'अ लेडीज हँड्स आर कोल्ड' वाचताना शार्ल पेरोने 1697 साली पुस्तकात घातलेला निळ्या दाढीचा नवरा आठवतोच. म्हणजे कथेच्या बाबतीत तिने नवीन काही शोधलं, असं मी म्हणणार नाही. तिने शोधलं ते दुसरंच.

शेवटी निवेदकाला राहवत नाही. खात्री करून घ्यायला तो पुन्हा जंगलात जातो आणि दोर बांधून त्या खड्ड्यात उतरतो. तोवर चित्रं नेहमीसारखी चौकटीचौकटींतून येत असतात. इथे पडदा एकदम उभा लांब होतो. तो उतरतो तसं आपल्यालाही खाली खाली जावं लागतं. वरचा उजेड वर राहतो. बोट टचपॅडवर फिरतंय आणि पडद्यावर काळोखाशिवाय फारसं काही नाही. मला आठवतं, मी मधेच थांबलो. का थांबलो, ते कळलं नाही. समोरून भाची म्हणाली, "खाली जा ना मामा." आणि मग ध्यानात आलं की त्याला खाली नेणारा मीच आहे. मी बोट उचललं तर तो तिथेच दोराला लोंबकळत राहील. तळाशी काय आहे ते इथे सांगत नाही.

पुढे काही वर्षांनी एका छोट्या कार्यशाळेत मी या कथेवर बोलणार होतो. प्रोजेक्टर मिळेल की नाही शंका होती, म्हणून शहाणपणा करून पानं कागदावर काढून न्यायची ठरवली. पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो. मुलाने माऊस दोनदा दाबला आणि ए-फोर कागदाच्या मधोमध एक काळी रेघ छापून दिली. बोटभरही रुंद नाही. "काका, पानात बसवलंय," तो म्हणाला. तो खड्डा पानात बसला होता! मी सरळ ती रेघ चाळीस जणांपुढे धरली. लोक हसले, मीही हसलो. मग एका मुलीने स्वतःच्या फोनवर मूळ कथा काढली आणि फोन हातोहात फिरला. शेवटच्या रांगेतून तो परत येईपर्यंत खोलीतलं हसू बंद झालं होतं. माझं तासाभराचं व्याख्यान त्या फोनने पाच मिनिटांत उरकलं.

चित्रकथेत भीती नेमकी कुठे राहते, हा प्रश्न तिथून माझ्या मागे लागला. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन चित्रकाराने 1993 साली 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' या पुस्तकात, जे स्वतःही चित्रकथाच आहे, एक साधा दाखला दिला होता. एका चौकटीत उगारलेली कुऱ्हाड, पुढच्या चौकटीत रात्रीचं शहर आणि किंकाळी. घाव कुठेच काढलेला नाही. तो पडतो दोन चौकटींमधल्या कोऱ्या फटीत, आणि घालतो वाचक. सिनेमाला ही सोय नाही. तिथे चोवीस चित्रं एका सेकंदात अंगावर येतात आणि तुम्ही खुर्चीत नुसते बसलेले असता. सिनेमा दचकवतो, पार्श्वसंगीताची थाप मारून दचकवतो. चित्रकथेला आवाज नाही, हालचाल नाही. वाचक स्वतःच्या पायांनी चालत आला तरच त्याला घाबरवता येतं.

छापील पुस्तकात ही चाल म्हणजे पान उलटणं. भयचित्रकथा काढणारे सगळे कसलेले लोक उलटायच्या पानाच्या शेवटी वाचकाला उभं करतात आणि भयंकर चित्र उलटल्यावरच्या पानावर ठेवतात. जपानच्या जुंजी इतोची अर्धी किमया या उलटण्यात आहे. लहानपणी मी दिवाळी अंकांतल्या भयकथा वाचताना समोरचं पान तळहाताने झाकून घ्यायचो, कारण तिथे चित्र असायचं आणि नजर आधी तिकडे जायची. (फराळाच्या पाककृती आणि हडळ एकाच बाइंडिंगमध्ये नांदतात हे आपल्या दिवाळी अंकांचं वैशिष्ट्य. दुसऱ्या कुठल्या भाषेत सणासुदीला असं होतं का?) पण पानाची अडचण ही की ते एका मापाचं असतं. अंधार कितीही खोल असो, तो पानाच्या खालच्या कडेला संपतो. आणि हाताला शिल्लक पानांची जाडी कळत असते. चारच पानं उरली म्हणजे आता भूत येणार, हे बोटांना डोळ्यांच्या आधी समजतं.

मॅक्लाउडनेच 2000 साली 'रीइन्व्हेंटिंग कॉमिक्स'मध्ये मांडलं होतं की पडद्यावरच्या चित्रकथेला पान असण्याचं कारणच नाही. पडदा म्हणजे खिडकी. खिडकीमागचा कागद हवा तेवढा लांब, हवा तेवढा रुंद. कल्पना गाजली. पण बहुतेकांनी पुढेही पडद्यावर पानंच काढली, कारण उद्या पुस्तक निघालं तर छापता यावीत. कॅरलने तो कागद वापरला, आणि नेमका गरज होती तिथेच वापरला, हे मला महत्त्वाचं वाटतं. तिची सगळी कथा लांबलचक नाही. खड्डा लांब आहे. 'मार्गोज रूम' या 2011 च्या कथेत तर वाचकापुढे एका खोलीचं चित्र येतं, आणि त्यातल्या वस्तूंवर क्लिक करत कथेचे तुकडे उघडावे लागतात. परक्याच्या घरात शिरून त्याच्या वस्तू उचकटाव्यात तसं वाटत राहतं.

त्याच वर्षी दक्षिण कोरियात होरांग या चित्रकाराने 'बोंगचन-दोंगचं भूत' ही छोटी चित्रकथा केली. नेव्हर या कंपनीच्या वेबटून मंचावर ती आली आणि जगभर पसरली. रात्री घरी चाललेल्या शाळकरी मुलीला वाटेत वेडीवाकडी चालणारी एक बाई भेटते. आपण खाली सरकवत असतो, आणि एका जागी पडदा आपल्या बोटाला न विचारता झपकन स्वतःच सरकतो. लोकांच्या हातून फोन पडल्याच्या गोष्टी तेव्हा ऐकायला मिळायच्या. युक्ती अफलातून आहे, नाकारत नाही. पण ती एकदाच चालते. दुसऱ्यांदा वाचताना ती जागा माहीत असते आणि माणूस हसायला लागतो. होरांगने वाचकाचं बोट हिसकावून घेतलं. कॅरलने ते वाचकापाशीच ठेवलं आणि त्याच्याकडूनच काम करवून घेतलं. आमच्या संपादक मंडळात यावर दोन तट आहेत. दुसऱ्या तटाचं म्हणणं पुढच्या एका लेखात आहेच.

हे बोटांचं पुराण आपल्याला परकं नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. चित्रांची चळत म्हणजे पोथी. देवळात रात्री सांगणारा बसतो, वीणा, टाळ, हुडुक वाजतात, आणि तो एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातलं आख्यान लावतो. पुढचं चित्र कधी काढायचं ते तो ठरवतो. लोक पुढे सरसावले की गाणं लांबवायचं, मुलं पेंगायला लागली की राक्षस बाहेर काढायचा. या कलेसाठी 2021 साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बऱ्याच जणांनी पिंगुळीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. चित्रकथी आणि वेबकॉमिक यांच्यात नातं जोडायचा मोह मला होतो, पण ते ओढूनताणून होईल. उलट दोन्ही शेजारी ठेवले की फरकच डोळ्यांत भरतो. पिंगुळीत चित्र सांगणाऱ्याच्या हातात असतं आणि आजूबाजूला पन्नास माणसं असतात. फोनवर चित्र आपल्याच हातात, आणि पांघरुणात आपण एकटे.

आता 'स्वतंत्र' या शब्दाविषयी. स्वतंत्र कलावंत म्हटलं की आपल्याला लगेच उपाशी राहून कला करणारा माणूस दिसतो. तेही खरं आहे, त्याकडे येतोच. पण भयकथेच्या बाबतीत स्वातंत्र्याचा साधा अर्थ असा की मधे हात घालणारं कुणी नाही. अमेरिकेत 1950 च्या आसपास भयचित्रकथांचा सुळसुळाट झाला. 1954 मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचं त्यांच्याविरुद्धचं पुस्तक आलं, सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि धास्तावलेल्या प्रकाशकांनी स्वतःहून 'कॉमिक्स कोड' लादून घेतला. रक्तपिपासू नकोत, चालती प्रेतं नकोत, नावात 'हॉरर' हा शब्दसुद्धा नको. कोड पुढे सैल होत गेला. पण शेवटच्या दोन मोठ्या कंपन्यांनी तो सोडला जानेवारी 2011 मध्ये. म्हणजे कॅरलची कथा आली त्यानंतर तीन महिन्यांच्या आत! तिच्या कॅनडात तर कोडही नव्हता, सरळ फौजदारी कायदाच होता. खरा वा काल्पनिक गुन्हा चित्रांतून दाखवणारी पुस्तकं छापणं 1949 पासून तिथे गुन्हा होतं, आणि ते कलम रद्द झालं 2018 मध्ये. कलम केव्हाच पेंगुळलेलं होतं, त्याच्या वाट्याला कुणी जात नव्हतं. तरी शब्दशः धरलं तर भावाने भावाला मारल्याची ही कथा पुस्तकात छापणं त्यात बसलं असतं, या विचाराने मला उगीचच मजा वाटते.

पण मला त्याहून बारीक स्वातंत्र्याविषयी बोलायचं आहे. मी स्वतः तीस वर्षं छापखान्याच्या फेऱ्या मारल्या आहेत. पानभर काळा रंग द्यायचा म्हटलं की तिथे कपाळाला आठ्या पडतात. शाई जास्त लागते, वाळायला वेळ लागतो, मागच्या पानावर उमटते, बोटांना लागते. आणि दोन पानं नुसता काळोख? "साहेब, मजकूर कुठंय?" पडद्यावर काळा रंग फुकट असतो. नव्या फोनांवर तर काळ्या जागी पडदा चक्क विझलेला असतो. अंधाऱ्या खोलीत चित्राची कडाच हरवते आणि चौकट कुठे संपली, खोली कुठे सुरू झाली, ते समजत नाही. लाल रंगाचंही तेच. कॅरलची अक्षरंसुद्धा हाताने काढलेली, कथेसोबत वाकणारी, चिरकणारी. एखाद्या संपादकाने तिला सांगितलं असतं, खड्डा तीन चौकटींत आटप. आणि तो संपादक बहुधा मीच असतो.

पुढे काय झालं ते थोडक्यात. वेबसाइटवर गाजलेली कथा आणि चार नव्या कथा मिळून 2014 मध्ये 'थ्रू द वूड्स' हे पुस्तक निघालं. पुढच्या वर्षी त्याला चित्रकथांसाठीचा आयस्नर पुरस्कार मिळाला, आणि पडद्यावरच फुकट वाचता येणाऱ्या 'व्हेन द डार्कनेस प्रेसेस' या कथेला सर्वोत्कृष्ट लघुकथेचा वेगळा आयस्नर. 2023 मध्ये 'अ गेस्ट इन द हाउस' ही दीर्घ चित्रकथा आली. पुस्तकात तो खड्डा अर्थातच पानांत बसवावा लागला. त्यातही ती वाकबगार आहे, पान उलटण्याची जागा तिला अचूक कळते. तरी मी पुस्तक आधी वाचलं असतं तर ही प्रस्तावना लिहिली नसती.

सगळ्यांचं असं होत नाही. फुकट वाटलेल्या भीतीचं पुढे काय होतं याचं उदाहरण कॅनडातच आहे. ट्रेव्हर हेंडरसन या चित्रकाराने 2018 मध्ये एका साध्या छायाचित्रात एक आकृती मिसळली. झाडांहून उंच, हाडकुळी, आणि डोक्याच्या जागी खांबावरचे दोन भोंगे. 'सायरन हेड'. चित्र लोकांनी एकमेकांना पाठवलं, त्यावर खेळ निघाले, व्हिडिओ निघाले, खेळणी निघाली, आणि दोनतीन वर्षांत लहान मुलांना वाटू लागलं की हे पूर्वापार चालत आलेलं भूत आहे. चित्रकार मागेच राहिला. एका अर्थी भुतासाठी याहून मोठा मान नाही. वेताळ कुणी लिहिला, मुंजा कुणाचा, झोटिंगाचं मानधन कुणाकडे पाठवायचं, असं आपण विचारत नाही. पण वेताळाचा कर्ता घरभाडं भरत नव्हता; हेंडरसनला ते भरावं लागतं. आजचा एकटा कलावंत यातून वाट काढतो ती वर्गणीवर. पॅट्रिऑनसारखी सोय 2013 मध्ये आली, वाचक दर महिन्याला काही रक्कम देतात आणि त्यांना पुढचं प्रकरण आधी वाचायला मिळतं. वेबटूनच्या खुल्या विभागात कुणीही आपली कथा चढवू शकतो, फक्त पट्टी 800 पिक्सेल रुंदीची हवी. म्हणजे रुंदी पुन्हा कुणीतरी ठरवलीच. लांबी तेवढी अजून मोकळी आहे.

मराठीत भीतीचा दुष्काळ नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी दोन-तीन पिढ्यांची झोप उडवली आहे. तरी चित्रांतून सांगितलेली भयकथा आपल्याकडे अगदी विरळा. एक गोष्ट मला फार चुटपुट लावते. 2018 च्या 'तुंबाड' या चित्रपटासाठी राही अनिल बर्वे यांनी सुमारे 700 पानांचा स्टोरीबोर्ड आधी स्वतः काढला होता. चित्रपटामागे धारपांच्या एका कथेची प्रेरणा होती. म्हणजे मराठी भयकथेतून उगवलेली, सलग चित्रांत मांडलेली सातशे पानं एका माणसाच्या हातून तयार झाली होती. ती निर्मात्यांनी वाचली. आपल्याला मिळाला तो सिनेमा, आणि तो मिळाला हे छानच झालं. पण ती पानं कुणी रोज रात्री चार-चार करून फोनवर ठेवली असती तर? पाऊस, वाडा, आणि बोटाखाली उतरत जाणारी ती विहीर.

या विभागातले लेख कागदावर आहेत, त्याला इलाज नाही. ज्या चित्रकथांविषयी ते आहेत त्या इथे छापलेल्या नाहीत. झेरॉक्सच्या दुकानातला धडा मी विसरलेलो नाही. प्रत्येक लेखाच्या डोक्यावर चौकोनी कोड आहे. आधी तो फोनने टिपा, कथा वाचा, मग लेखाकडे या. फोन उभा धरा. उजेड कमी करा. एका दमात झरझर खाली जाऊ नका; चित्रकाराने एखाद्या काळ्या पट्ट्यासाठी रात्र घालवलेली असते. लहान मुलं शेजारी असतील तर होरांग टाळा, कॅरल मात्र चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना खुशाल द्या, ती आपल्यापेक्षा धीट असतात असा माझा अनुभव आहे.

आणि वाचता वाचता घरातून कुणी नावाने हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ देऊ नका.